एका तिकिटावर आठ

डॉ. घोरपड्यांनी बेड चारच्या पेशंटच्या मानेकडे हात नेला आणि मी वहीत रेघ मारली.

रेघ म्हणजे हात धुण्याची वेळ. धुतले तर रेघेवर फुली. नाही धुतले तर रेघ तशीच उभी, लग्न न जमलेल्या मुलासारखी. डॉक्टरांच्या रकान्यात असे बिनलग्नाचे पुष्कळ होते.

"मारलीत का रेघ?" डॉक्टर मागे न बघता म्हणाले.

"मारली."

"अहो, आत्ताच तर बेड तीनला धुतले!"

"ते तीनसाठी. आणि तीनला हात लावून झाला की तुमचा. चारचं काय?"

हौसामावशी फरशी पुसत होती. तिनं काठी थांबवली. "डाक्टर, धुवूनच टाका बघा. ह्या बाई काय सोडायच्या न्हाईत. माज्या हाताला त्या निळ्या औषदाचा वास बसलाय. नवरा म्हनतोय, भाकरी दवाखान्यात थापून आणलीस काय?"

डॉक्टरांनी बेडच्या पायथ्याची बाटली दाबली आणि लग्नात अत्तर लावल्यासारखे हात चोळले. "झालं समाधान?"

मी फुली मारली.

मिरजेकडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी तेव्हा इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर होते. एस्तेर साळवे. काम सोपं सांगायचं तर, पेशंट बाहेरून जो आजार घेऊन येतो तो डॉक्टरांचा. इथं आल्यावर आम्ही त्याला जो देतो, तो माझा. अतिदक्षता विभागात आठ बेड होते. मी दिवसाला तीन तास तिथं कोपऱ्यात उभी राहून लोकांचे हात मोजायचे. माणसं ओळखायची असतील तर त्यांचे हात बघावेत. काहीजण पाहुण्यांसमोर बसकर झटकतात तसे धुतात. काहीजण आचमन करतात. आणि काहीजण माझी चाहूल लागली की नळाकडे असे धावतात, जणू तिथं प्रसाद वाटतायत.

बेड चारवर सयाजी मगदूम होता. वय बत्तीस, एस.टी.त कंडक्टर. पायाला मुंग्या येतात म्हणून स्वतःच्या पायांनी चालत आलेला माणूस. तिसऱ्या दिवशी पाय गेले, चौथ्या दिवशी हात, सहाव्या दिवशी श्वास. शरीर चुकून आपल्याच नसांवर उठतं, असा हा आजार. डोकं शाबूत. घशातल्या नळीतून मशीन श्वास देत होतं. मानेतल्या मोठ्या शिरेत दुसरी बारीक नळी होती, तिच्यातून औषधं जायची. स्वतःचं असं त्याला फक्त डोळ्यांचं बुबुळ हलवता येत होतं. वर नेलं की हो. बाजूला नेलं की नाही.

"याचा आजार याला मारणार नाही," डॉक्टर त्याच्या उशाशीच म्हणाले. "दोन महिन्यांत नसा परत येतील. तेवढ्यात आपण याला मारलं नाही म्हणजे मिळवली."

सयाजीनं ते ऐकलं. त्याची नजर डॉक्टरांवरून निघून माझ्यावर आली आणि तिथंच थांबली.

तेवढ्यात लॅबचा फोन आला. सूक्ष्मजीव विभागाच्या डॉ. केळुसकर होत्या. "साळवे सिस्टर, बेड सातच्या रक्तात पण तोच जंतू निघाला."

म्हणजे तिसरा. बेड दोनचे गृहस्थ बारा दिवसांपूर्वी गेले होते. बेड पाचच्या अक्काताई पाटील, सत्तरीच्या आजी, सोमवारी गेल्या. दोघांच्या रक्तात हाच.

"पाण्यातला जंतू आहे," केळुसकर मॅडम म्हणाल्या. "थोडी ओल मिळाली की याला खायला-प्यायला दुसरं काही लागत नाही. कुठलं पाणी ते शोधा. लवकर."

मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी माझ्या वहीकडे बोट केलं. "काय म्हणतंय तुमचं हे पुराण?"

वही म्हणत होती, हौसामावशी शंभरात नव्वद. सिस्टर्स पंचाहत्तर. डॉक्टर एक्केचाळीस. आणि विभागाच्या इन्चार्ज, आवटी सिस्टर, शंभरात शहाण्णव. त्यांच्या नावापुढे मी लाल पेननं चांदणी काढली होती. पद्मजा आवटींनी मला बावीस वर्षांपूर्वी सिरिंज धरायला शिकवली. त्यांच्या हाताखाली तयार झालेली मुलगी झोपेतही हात धुते, असं हॉस्पिटलात म्हणत. त्या टेबलाशी उभ्या होत्या, आणि रेश्मा नावाची नवी सिस्टर त्यांना विचारत होती, "सिस्टर, पुराची बाटली संपत आली. नवी काढून ठेवू?"

"ठेव. आणि कपाट लाव. उघडं टाकून येशील परत."

मी पाणी शोधायला लागले. सगळी बेसिनं, सगळे नळ, ऑक्सिजनच्या वाटेवरच्या ओलाव्याच्या बाटल्या, अंग पुसायची भांडी, वाफेची यंत्रं, पुसायची बादली. बेचाळीस ठिकाणचे नमुने कापसाच्या काडीवर घेतले. मुली मला बघून हळूच शिट्टी वाजवायच्या. "सी.आय.डी. आली गं!" डॉक्टरांचा संशय मावशीच्या बादलीवर होता, माझा डॉक्टरांच्या हातांवर. दोघांचेही संशय आपापल्या सोयीचे होते.

तिसऱ्या दिवशी अहवाल आला. बेचाळीसच्या बेचाळीस ठिकाणं स्वच्छ. एवढं स्वच्छ तर माझं देवघर, म्हणजे आमच्या घरातला बायबलचा कोनाडासुद्धा, नसेल.

आणि त्याच सकाळी सयाजीचा ताप नव्याण्णव पॉइंट आठ होता.

मी अक्काताईंचा जुना तक्ता काढून शेजारी धरला. पहिल्या दिवशी नव्याण्णव पॉइंट सहा. दुसऱ्या दिवशी शंभर. तिसऱ्या दिवशी एकशे तीन, आणि चौथ्या दिवशी रक्तदाब मिळेना. मी दोन्ही कागद डॉक्टरांपुढे ठेवले.

त्यांनी थट्टा केली नाही. "रक्त पाठवा तपासायला. रिपोर्टला दोन दिवस लागतील."

"तेवढे आहेत का याच्याकडे?"

"मला काय विचारता? कुठून येतंय ते शोधणार कोण होतं?"

अकरा वाजता भेटायची वेळ. सयाजीची बायको वैजयंता गाऊन, टोपी घालून आत आली. तिच्या काखेत पोरीची अंकलिपी होती. त्या दोघांनी त्यातून बोलणं काढलं होतं. ती अक्षरांवरून बोट फिरवायची. हवं ते अक्षर आलं की तो बुबुळं वर न्यायचा. काना-वेलांट्या त्यांनी सोडून दिल्या होत्या, त्या ती अंदाजानं लावायची.

"काल काय सांगितलं म्हाईताय ह्यांनी?" ती मला म्हणाली. "पंधरा मिनिटं बोट फिरवून फिरवून खांदा गेला माझा. आनि निघालं काय, तर 'बोकड विकू नको'! मी म्हटलं, अवो, तुमास्नी काय झालंय, आनि बोकडाचं काय घेऊन बसलाय?"

सयाजीची बुबुळं वर गेली. बोकडाबद्दल त्याचा आग्रह कायम होता.

मी त्याच्याकडे बघितलं. हा माणूस सतरा दिवस इथं पडून होता. मी तीन तास मोजते. हा चोवीस तास बघत होता. कंडक्टर माणूस. भरलेल्या गाडीत कुणी तिकीट काढलं नाही हे मान न वळवता सांगणाऱ्यांपैकी.

मी खाली वाकले. "सयाजीराव, इथं कुणी चुकतंय का? हात न धुणारं?"

बुबुळं बाजूला. नाही.

"म्हणजे सगळे धुतात?"

परत बाजूला. मग त्याची नजर माझ्या हातातल्या वहीवर आली. तिथून पुन्हा बाजूला.

"वहीत नाही ते?"

वर. लगेच, आणि जोरात.

"वैजयंता, अंकलिपी धर."

ती पुस्तक त्याच्या तोंडासमोर धरून बोट फिरवायला लागली. ए. मग क. मग बराच वेळ काहीच नाही. घामाचा एक थेंब त्याच्या कपाळावरून कानात गेला, मी तो टिपला. त. क. ट. दारातून आवटी सिस्टरांनी घड्याळाकडे बोट केलं. "दोन मिनिटं!" मी म्हटलं. आ. ठ.

"एक तिकीट आठ," वैजयंतानं जुळवलं, आणि तिचा चेहरा उतरला. "ड्युटीवर गेले बघा, बाई. ताप डोस्क्यात शिरला."

सयाजीची बुबुळं बाजूला. नाही, नाही. मग ती विभागाच्या मधल्या टेबलाकडे गेली, आणि तिथून हलेनात.

"चला, वेळ झाली," आवटी सिस्टर आत येत म्हणाल्या. "मगदूम बाई, उद्या या."

दारापर्यंत मी वैजयंताबरोबर गेले. "एक तिकीट आठ म्हणजे काय गं?"

"त्ये घरात बी बोलत असतात. लगीन-जत्रंला मानसं एकच तिकीट काढत्यात आनि त्याच्यावर सगळं कुटुंब चढवत्यात. पोरं, म्हातारी, पावने. ह्यांना लई राग. 'एका तिकिटावर आठ जन चढलीती आज,' असं म्हनत घरी येनार, आनि जेवानावर राग काढनार." तिनं डोळे पुसले. "ताप कमी व्हईल न्हवं?"

मी आत आले. वही बंद केली आणि खिडकीत ठेवली. एक स्टूल ओढून सयाजीच्या उशाशी बसले, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि तो बघत होता तिकडे बघायला लागले.

बाराच्या औषधांची वेळ होती. औषध देण्याआधी आणि दिल्यावर नळीतून थोडं सलाईन ढकलायचं असतं, नळी मोकळी राहावी म्हणून. रेश्मानं हात धुतले. उत्तम धुतले, बोटांच्या बेचक्यांसकट. नवी कोरी सिरिंज फोडली. टेबलावर सलाईनची मोठी बाटली उभी होती. तिच्या रबरी बुचात एक जाड सुई खोचलेली, वर गॉजचा तुकडा. रेश्मानं गॉज उचलला, सुईच्या तोंडाला सिरिंज लावली, पाणी ओढलं, आणि बेड एकच्या नळीत दिलं. परत आली. हात धुतले. नवी सिरिंज. तीच बाटली. तीच सुई. बेड दोन. हात धुतले. नवी सिरिंज. तीच बाटली. बेड तीन.

फुली, फुली, फुली. माझ्या वहीत या मुलीला शंभरात शंभर पडले असते.

मग बाटली संपली. आवटी सिस्टर स्वतः पुढे झाल्या. नव्या बाटलीचं झाकण काढलं, बूच स्पिरिटनं पुसलं. आणि जुन्या बाटलीतली सुई उपसून नव्या बाटलीत खोचली.

त्यांनी सिरिंज भरली. त्या आमच्याकडे वळल्या. बेड चार.

सयाजीची नजर त्या सिरिंजवर होती. ती जवळ आली तशी त्याची बुबुळं बाजूला, बाजूला, बाजूला, अशी नुसती थरथरायला लागली. मला तेव्हा कळलं की हे तो रोज करत असणार. दिवसातून सहा वेळा. कुणी बघितलंच नसणार, कारण सिरिंज देणारा माणूस नळीकडे बघतो.

मी उठले आणि आवटी सिस्टरांचं मनगट धरलं.

"हात सोड, एस्तेर."

"हे देऊ नका."

"काय झालंय तुला? सलाईन आहे. औषधसुद्धा नाही, नुसतं मीठ-पाणी."

"हो. पाणीच."

हौसामावशी जिथं होती तिथं उभी राहिली. रेश्माच्या हातातून सिरिंजचं वेष्टन खाली पडलं, तरी ती वाकली नाही. मी मनगट सोडलं नाही. बावीस वर्षांत त्यांच्यापुढे माझा आवाज कधी चढला नव्हता, आणि आता मी त्यांना सगळ्यांदेखत, चोर धरावा तशी धरून उभी होते.

त्यांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. "आत चल."

सामानाच्या खोलीचं दार त्यांनी स्वतः लावलं.

"माझ्या मुलींसमोर, एस्तेर."

"सिस्टर, सुई ह्या बाटलीतून काढून त्या बाटलीत घातलीत."

"बूच स्पिरिटनं पुसून."

"आणि सुई? तिच्या उघड्या तोंडाला दिवसातून पन्नास वेळा सिरिंज लागते. एकदा एखादा जंतू आत गेला की बाटलीत वाढतो. बाटली संपली की सुईवर बसून दुसऱ्या बाटलीत. तिथून आठही जणांच्या रक्तात. आपण नळ तपासत बसलोय!"

त्या खोक्यावर बसल्या. मग त्यांनी वर बघितलं, आणि त्या नजरेत राग नव्हता, याचं मला जास्त वाईट वाटलं.

"मुली काय म्हणतात त्या बाटलीला?"

"पुराची..." मी म्हटलं.

सहा वर्षांपूर्वी कृष्णेला पूर आला तेव्हा मी याच विभागात साधी सिस्टर होते. नऊ दिवस रस्ते बंद. सामानाची गाडी पलीकडच्या तीरावर अडकलेली. एकेका पेशंटसाठी एकेकदा फोडायच्या त्या सलाईनच्या छोट्या कुप्या चाळीस उरल्या होत्या; आठ बेडना एक दिवसही पुरल्या नसत्या. सुयाही मोजक्याच. मी डोकं चालवलं. मोठ्या बाटल्या होत्या. एक बाटली, एक सुई, सगळ्यांना त्यातून. सुई जपून वापरायची, या बाटलीतून त्या बाटलीत. आठही जण पुरातून तरले. पंधरा ऑगस्टला विश्वस्तांनी मला शाल आणि नारळ दिला. टाळ्या मी अजून विसरलेले नाही.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, हे बरं नाही," आवटी सिस्टर म्हणाल्या. "तू काय म्हणालीस?"

"पाणी उतरेपर्यंत."

"पाणी उतरलं. तुला ऑपरेशन थिएटरला पाठवलं. बंद करा म्हणून कुणी सांगितलंच नाही. आणि ज्या गोष्टीचा सत्कार झालाय, ती बंद करायची तरी कुणी?"

मधल्या काळात मी सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन आले होते. सगळ्यांसाठी एक बाटली वापरणं घातक का, हा प्रश्न तिथल्या परीक्षेत होता. मला दहापैकी नऊ पडले होते. परत येऊन वर्षभर त्या टेबलाशेजारी उभी राहून मी हात मोजत होते, आणि बाटली माझ्या डोळ्यांसमोर होती.

"आता काय करायचं?" त्यांनी विचारलं. मला पहिल्यांदाच त्या काहीतरी विचारत होत्या.

"आधी त्याची नळी काढायची."

डॉ. घोरपड्यांनी सगळं उभ्याउभ्या ऐकलं. मला वाटलं ओरडतील. ते फक्त म्हणाले, "मानेतली काढा. दुसऱ्या बाजूला मी नवी घालतो. रिपोर्टची वाट बघत नाही." बाटली आणि सुई आवटी सिस्टरांनी स्वतःच्या हातानं पिशवीत सील केली. रेश्माला त्यांनी छोट्या कुप्यांचं खोकं आणायला पाठवलं. खोकं कपाटात होतं. सहा वर्षं कपाटात कुप्यांची खोकी होती.

संध्याकाळी सयाजीचा ताप एकशे दोन झाला.

वैजयंता बाहेरच्या बाकावर होती. "नळी काढली म्हनत्यात. मग ताप वाढला का ओ?"

"नळीतून रक्तात जंतू गेलाय."

"जंतू कुटनं आला?"

"आमच्याकडून."

तिला ते नीट कळलं की नाही कोण जाणे. ती अंकलिपी मांडीवर ठेवून तिच्यावर हात फिरवत राहिली. "बरं व्हतील न्हवं?"

"मला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी ताप एकशे दोनवरच. रक्तदाब खाली यायला लागला. अक्काताईंच्या तक्त्यावरचा चौथा दिवस मला पाठ झाला होता. मी त्याच्या मशीनवरचे आकडे बघायचे आणि मनात तो तक्ता शेजारी धरायचे. आवटी सिस्टर घरी गेल्या नाहीत. त्या आणि मी एका स्टुलावर आळीपाळीनं बसलो. त्या दुपारी, पक्क्या रिपोर्टच्या आधीच, लॅबमधून कळवलं, बाटलीत तोच जंतू, सुईत तोच, सयाजीच्या रक्तात तोच. आणि कुठल्या औषधाला तो दाद देतो तेही. ते औषध सुरू झालं. मोठी शीर बदललेली, नळी नवी, पाणी नवं. रात्रभर आकडे जिथल्या तिथं राहिले. खाली गेले नाहीत, एवढंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताप शंभर. चौथ्या दिवशी नव्हता.

अधीक्षकांच्या खोलीत बैठक झाली. त्यांनी विचारलं, "ही पद्धत सुरू कुणी केली?"

आवटी सिस्टर टेबलाकडे बघत म्हणाल्या, "आधीपासून आहे, सर."

"मी," मी म्हटलं. "पुराच्या साली."

अधीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. त्या सत्काराला शाल त्यांनीच आणून दिली होती. "ठीक आहे. आता बंद झाली ना? मग हे या खोलीतच राहील."

पुढच्या दीड महिन्यात त्या जंतूचा नवा पेशंट सापडला नाही. बेड सातचा माणूस घरी गेला. सयाजीची आधी बोटं हलली, मग खांदे. श्वासाची नळी घशातून काढून गळ्याला भोक पाडून बसवली होती, चव्वेचाळिसाव्या दिवशी डॉक्टरांनी तिचं तोंड बंद केलं आणि म्हणाले, "बोला, कंडक्टर."

वैजयंता पदर तोंडाला लावून उभी होती. पोरीला शेजारीण घेऊन आली होती, काचेपलीकडे. हौसामावशीसुद्धा आली होती. बोकडाचं काय ठरतंय ते तिला ऐकायचं होतं.

सयाजीनं मान जरा वळवली, माझ्याकडे. आवाज फाटक्या पत्र्यासारखा आला.

"पाच नंबरच्या आजी. त्यांच्या घरी सांगितलं?"

बेड पाच त्याच्या बरोबर समोर होता. त्या गेल्या तेव्हा मध्ये पडदा ओढायला कुणाला सुचलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

त्यानं डोळे मिटले. आता त्याला डोळे मिटता येत होते.

"अगं बया," वैजयंता रडता रडता म्हणाली, "पैला शबुद ह्यो? माझं नाव न्हाई, पोरीचं न्हाई!"

पत्ता केसपेपरवर होता. नदीपलीकडचं गाव. मी रविवारी प्रार्थनेला न जाता एस.टी. पकडली.

अक्काताईंचे पती बाबगोंडा पाटील सोप्यात बसले होते. दवाखान्यातल्या सिस्टर आल्यात म्हटल्यावर त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला आणि मला खुर्ची दिली, स्वतः बाकावर बसले. चहा आला. मी कपाला हात लावायच्या आत सगळं सांगितलं. बाटली, सुई, पूर.

त्यांनी ऐकून घेतलं. संपल्यावर म्हणाले, "न्यूमोनिया झालता म्हणून आणलं होतं. तो बरा झाला, तीन दिवसांत वॉर्डात पाठवतो म्हणून सांगितलं होतं तुम्ही लोकांनी. मग परत ताप आला."

"तो ताप आमच्याकडचा होता."

"म्हणजे घरी आली असती ती."

"बहुतेक, हो."

"बहुतेक, का हो?"

"हो."

सून दारात होती, ती आत गेली. आतून मुलाचा आवाज आला, चढलेला: "आण्णा, तोंडी नको. लिहून घ्या."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं. "लिहून देता?"

नातवाच्या वहीचं पान फाडून आलं. मी मांडीवर धरून लिहिलं. दवाखान्याचं नाव, तारखा, काय झालं ते, चार ओळींत. खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा, सही. ही नोकरी उद्या राहील का, हा विचार आला. आला, आणि हात चालू राहिला.

त्यांनी चष्मा मागवला. ओठ हलवत वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं. मग एका शब्दावर बोट ठेवून कागद माझ्यापुढे धरला.

"इथं 'आमच्या हातून' लिहिलंय. बाटली तुमची म्हणालात."

मी कागद परत घेतला. 'आमच्या' खोडलं, वर 'माझ्या' लिहिलं, आणि खाडाखोडीशेजारी पुन्हा सही केली.